दमास्कसचा वस्तरा

भंडारा
४ नोव्हेंबर १९७९

चि. धनीराम यास मारोतरावचा आशीर्वाद. तुही बहीण शकुनबाई बाजूले बसून आहे म्हणून आशीर्वाद लिहिला, नाहीतर थेट कामाचंच लिहिलं असतं.

तू भाऊबीजेले आला, ओवाळून घेतलं, करंज्या खाल्ल्या, इथपर्यंत मले काही म्हणायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माह्या सलूनात, माह्या खुर्चीवर, माह्या गिऱ्हाइकाच्या गालाले हात लावायचं तुले काय काम होतं? मी मागं गरम पाणी आणायले गेलो अन् येऊन पाहतो तं भैय्यालाल शेठच्या तोंडाले साबण लागलेला, अन् तू तो लहरी-लहरीचा वस्तरा उजेडात फिरवून दाखवून राहिला. "शेठजी, हे दमास्कसचं पोलाद आहे. राजेलोकायच्या तलवारी याच्याच होत्या." शेठ पितळेच्या भांड्यायचा व्यापारी. चकाकी दिसली का भुलला. आता खुर्चीत बसला का पहिले विचारते, "मारोतराव, तुमच्या साळ्याचा तो वस्तरा नाही का हो तुमच्याजवळ?" माह्या बापाच्या वेळचं गिऱ्हाईक आहे ते.

म्हणून आता लेखी ऐकून घे. त्या लहरी कशा येतात ते मले माहीत आहे. एक कडक लोखंड, एक नरम लोखंड, एकावर एक ठेवून तापवायचं, ठोकायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. तलवारीले ते चालते, कारण तलवार मोडली नाही पाहिजे. वस्तऱ्याले कोणाच्या ढालीवर हाणायचं आहे? वस्तऱ्याची धार केसापेक्षा बारीक असते. त्या धारेवर तुहं कडक अन् नरम शेजारी-शेजारी येते. नरम आधी झिजते, कडक तसंच राहते, अन् धारेले दात फुटतात. पहिली दाढी गुळगुळीत, दुसरी बरी, तिसऱ्या माणसाच्या डोळ्यात पाणी. तू आंघोळीले गेला होता तेव्हा मी तो माह्या हातावर चालवून पाहिला. ओढते तो.

माहा जर्मन वस्तरा एकाच पोलादाचा आहे. दिसायले साधा. पण सकाळी पट्ट्यावर घासला का दुपारपर्यंत पाहायचं काम नाही.

पुन्हा माह्या दुकानात तुही हत्यारायची धोपटी उघडू नको.

मारोतराव

•

दिघोरी
१८ नोव्हेंबर १९७९

भाऊजी मारोतराव यास धनीरामचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. माह्यामागं माही धोपटी उघडून माहा वस्तरा हातावर चालवला म्हणता, अन् मलेच धोपटी उघडू नको म्हणता. वा भाऊजी.

वस्तरा कुठून आला ते तुमी विचारलं नाही, पण सांगतो. आमच्या गावचा डोमा तुमाले माहीत आहे, तलावाच्या पाळीखालच्या बौद्ध वस्तीतला. वेल्डिंग शिकला, सिरिया देशात कारखाना बांधायच्या कामावर गेला. दमास्कस शहर त्याच देशात आहे. तिथल्या बाजारात म्हाताऱ्या लोहाराच्या दुकानातून त्यानं हा वस्तरा घेतला अन् मले आणून दिला. अख्ख्या जिल्ह्यात असा दुसरा नाही.

तुमी म्हणता धारेले दात फुटतात. फुटू द्या ना. विळ्याले दात असतात म्हणूनच धान कापल्या जाते. सपाट सुरीनं बांधीतलं धान कापून पाहा एकदा. दात केसाले पकडते अन् कापते. तुमचा जर्मन केसावरून नुसता घसरते, म्हणून तुमाले एकाच गालावर तीनदा हात फिरवा लागते. मी पाहिलं.

आमच्या गावात लोक हा वस्तरा पाहायले येतात. पाटलाच्या घरचे येतात, डोमाच्या घरचे येतात, पाहता-पाहता बसतात अन् दाढी करून जातात. अजून तं कोणाच्या डोळ्यात पाणी नाही आलं. भैय्यालाल शेठच्याही नाही आलं. तुमच्या आलं, ते पोलादानं नाही.

धनीराम

•

भंडारा
१० फेब्रुवारी १९८०

धनीराम यास,

धान अन् माणसाचा गाल तुले एकच वाटते, हे वाचून दिघोरीच्या लोकायची कीव आली.

हे पत्र वादासाठी नाही. तुह्या भाचीचं, चंद्रकलेचं लग्न ठरलं. मुलगा बाबुलाल, शहापूरचा, हायवेवर त्यायचं सलूनचं दुकान आहे. बाप नाही, मोठा काका यादोराव घरचा कर्ता. माणूस जुन्या वळणाचा, चार गावात मान आहे. लग्न मे महिन्यात, इथंच, दुकानामागच्या आंगणात.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या घरात नवरदेवाची लग्नाच्या दिवशीची दाढी नवरीचा मामा करते. रीत आहे, नाकारत नाही. पण तो वस्तरा आणू नको. नवरदेव स्वतः या धंद्यातला आहे. ओढणारी धार त्याच्या गालाले लागली तं शहापूरवाले जन्मभर बोलून दाखवतीन. तू आपल्या बाबाच्या हातचा जुना आण, नाहीतर माहा जर्मन घे. फक्त पोलादासाठी सांगून राहिलो, दुसरं काही मनात आणू नको.

मारोतराव

•

दिघोरी
२४ फेब्रुवारी १९८०

भाऊजी मारोतराव यास,

चंद्रकलेचं ठरलं, आनंद झाला. तिले माहा आशीर्वाद सांगा.

"दुसरं काही मनात आणू नको" असं तुमी लिहिलं नसतं तं मी आणलं नसतं. आता आणतो. पोलादाचं कारण नाही भाऊजी. हा वस्तरा डोमाच्या घरच्या लोकायच्या गालाले लागते, हे कारण आहे. तसं सरळ लिवा ना. दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत सलून लिहिता, चिठ्ठीत चार ओळी मराठीत खरं लिहिता येत नाही?

अन् मले एक सांगा. तुमच्या दुकानासमोर कचेऱ्या आहेत. बाबू येतात, मास्तर येतात, पोस्टातले येतात. त्यायच्यात बौद्ध नाहीत का? खुर्चीवर बसायच्या आधी तुमी जात विचारता का? नाही विचारत. पैसे देते तो बसते. मग दिघोरीत तेच केलं तं कायले पोट दुखते?

मामा मी आहे. दाढी मी करीन. अन् याच वस्तऱ्यानं करीन.

धनीराम

•

भंडारा
९ मार्च १९८०

धनीराम यास,

गाव वेगळं, शहर वेगळं. शहरात मले माहीत नसते अन् माहीत करून घ्यायचं कामही नाही. गावात पाळण्यातल्या लेकरालेही माहीत असते का कोण कुठं बसते. तू डोळे उघडे ठेवून केलं, मी काहीच केलं नाही. यात फरक आहे. तुले कळत नसन तं सोड.

तुही बहीण तीन दिवसांपासून माह्याशी बोलून नाही राहिली. म्हणून तोड काढतो. नवरदेवाचा डावा गाल मी माह्या जर्मननं करीन, उजवा तू तुह्या दमास्कसनं कर. नवरदेवच सांगन कोणतं पोलाद चांगलं. हरला त्यानं पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. मंजूर असन तं ये.

मारोतराव

•

दिघोरी
१५ मार्च १९८०

भाऊजी, मंजूर. येतो. वस्तऱ्याले आतापासूनच दगडावर लावून राहिलो. तुमीही लावा.

धनीराम

•

दिघोरी
२२ मे १९८०

मारोतराव यास,

भाऊजी लिहित नाही. हात होत नाही लिहायले.

मी मांडवातून न जेवता गेलो, म्हणून तुमी पाहुण्यायले सांगितलं का धनीराम हरला अन् पळाला. मले लाखांदूरच्या बाजारात ऐकायले भेटलं. तं जे झालं ते मी लिहितो, तुमच्या घरात कोणी वाचणारं असन तं वाचन.

बाबुलाल पाटावर बसला होता. डावा गाल तुमी केला. चांगला केला, नाही म्हणत नाही. मंग मी उजव्या गालाले साबण लावला अन् वस्तरा उघडला. पोरंसोरं जवळ आली, लहरी पाहायले. कानाजवळून खाली एक हात फिरवला, बस एकच. बाबुलाल हसला. डोळे मिटून म्हणाला, "मामाजी, काही लागलंच नाही."

तेवढ्यात यादोराव उठून आला. थेट माह्यापाशी. "हा वस्तरा कोणाकोणाच्या तोंडाले लागते?"

मी म्हटलं, "समोर बसते त्याच्या."

"दिघोरीच्या तलावाखालच्या वस्तीतलेही बसतात म्हणे."

"बसतात."

"अन् तोच आमच्या पोराच्या गालाले?"

"तोच. धुऊन, पुसून, पट्ट्यावर घासून. जसा पाटलाच्या गालाले लावतो तसाच."

त्यानं माहा हात धरला. वस्तरा गालावर होता, अन् त्यानं मनगट धरून ओढलं! वस्तऱ्याखाली माणूस असताना न्हाव्याचा हात न्हावीच ओढते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. बाबुलालच्या जबड्याखाली कापलं. साबण लाल झाला. बायका ओरडल्या. यादोरावनं वस्तरा घेऊन आंगणाच्या नालीत फेकला.

मी तुमच्याकडे पाहिलं, मारोतराव. तुमी माहे सोयरे, तुमचं आंगण, तुमचा मांडव. एक शब्द बोलले असते तं बस होतं. तुमी काय केलं? तुरटी आणली, बाबुलालचं रक्त थांबवलं, अन् आपला जर्मन उघडून उजवा गालही करून टाकला. जसं काही मधात कोणी नव्हतंच.

मी नालीत हात घालून वस्तरा काढला, धुतला, अन् गेलो. चंद्रकलेच्या मागं उभा राहायले थांबलो नाही, तेवढं मनाले खाते. बाकी नाही.

एकच विचारतो. दिघोरीची गोष्ट शहापूरच्या यादोरावले कोणं सांगितली?

धनीराम

•

भंडारा
३ जून १९८०

धनीराम यास,

यादोरावले कोणं सांगितली ते मले काय माहीत. दिघोरीतून रोज एसटी सुटते, तिच्यात माणसंच बसतात. तूच लोकायले बोलावून-बोलावून तो वस्तरा दाखवत होता, अन् आता गोष्ट फुटली म्हणून माह्यावर खेकसते.

मांडवात मी बोललो असतो तं वऱ्हाड उठून गेलं असतं. हळद लागलेली पोरगी घरात बसली असती. तुले पोरगी नाही, तुले ते समजणार नाही.

अन् पोलादाचं म्हणशील तं निकाल लागला. माह्या वस्तऱ्यानं नवरदेवाच्या दोन्ही गालावर रक्ताचा थेंब निघाला नाही, तुह्यानं निघाला. कोणं हात ओढला अन् कोणं नाही, ते गालाले माहीत नसते.

लग्नाच्या वेळी पोरीच्या मागं मामा नव्हता. शेवटी भैय्यालाल शेठले उभा केला. लोक काय बोलले ते सांगत नाही. आता इकडे पत्र पाठवू नको.

मारोतराव

•

शहापूर
१९ ऑक्टोबर १९८०

तीर्थरूप बाबांस,
चंद्रकलाचा नमस्कार.

आईनं निरोप पाठवला की मी दिवाळीला यावं, तुम्ही घ्यायला येणार आहात. बाबा, येऊ नका. मी या दिवाळीला येणार नाही. आईला हे पत्र तुम्हीच वाचून दाखवा, पूर्ण वाचा.

परवा घरात लग्नाची गोष्ट निघाली. मी मामाची बाजू घेऊन बोलले. तेव्हा काकाजी, म्हणजे यादोरावजी, हसले अन् म्हणाले, "सूनबाई, मले काय स्वप्न पडलं होतं? तुह्या बापानंच पंधरा दिवस आधी इथं ओट्यावर बसून सांगितलं. म्हणाले, मी सोयरा आहे, मले बोलता येत नाही, तुमी वरपक्षाचे, तुमी बोला."

मी आत निघून गेले. काकाजींचा मला तितका राग नाही आला. ते जे आहेत ते तोंडावर आहेत.

तुम्ही अर्ध्या-अर्ध्या गालाची पैज लावली, आईला वाटलं भांडण मिटलं, मी तर देवापुढं साखर ठेवली. अन् तुम्ही मामाला बोलावलं ते सगळ्यांसमोर उठवून देण्यासाठी. माझ्या लग्नात.

आणखी एक ऐका. "हे" मागच्या महिन्यात दिघोरीला जाऊन आले. कोणाला न सांगता गेले होते. मामाच्या ओट्यावर बसून त्याच वस्तऱ्यानं पूर्ण दाढी करून घेतली. त्यांच्या आधी डोमाजी बसले होते. घरी आल्यावर त्यांनीच काकाजींना सांगितलं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही, मग सगळे बोलायला लागले. दुकान तर हेच चालवतात, काकाजी करणार काय?

मी विचारलं, वस्तरा कसा आहे? ते म्हणाले, "कानापासून गालापर्यंत मस्त चालते. हनुवटीखाली आला का थोडा ओढते. तुह्या बाबाचा जर्मन जास्त चांगला आहे."

तेव्हा पोलादाबद्दल तुमचंच खरं होतं, बाबा. तेवढंच खरं होतं.

चंद्रकला

•

भंडारा
६ डिसेंबर १९८१

धनीराम यास,

पत्र पाठवू नको असं मीच म्हटलं होतं, अन् तू पाठवलं नाही. एवढी एक गोष्ट तू माही ऐकली. आता माहंच काम पडलं म्हणून लिहितो. तुही बहीण समोर बसून म्हणते, लिहा, नाहीतर मी दिघोरीले चालली.

तू लोकायले काय सांगितलं ते तुले माहीत. पण आपल्या मांडवातली गोष्ट इथल्या कचेऱ्यांत पोहोचली. आमच्या इथं केशवराव म्हणून एक बाबू आहेत. शांत माणूस, कायम इस्त्रीचा सदरा, एक दिवसाआड दाढी, कधी घासाघीस नाही. मले खरंच माहीत नव्हतं ते बौद्ध आहेत म्हणून. आले एक दिवस. खुर्ची रिकामी होती, पण बसले नाहीत. उंबऱ्यातच उभे.

"मारोतराव, मी कोण ते तुमाले माहीत आहे का?"

मी म्हटलं, "तुमी आमचं गिऱ्हाईक."

"तसा तं मी इतके वर्ष बसलो. आता नाव, गाव अन् वस्ती सांगून बसू का?"

दुकान भरलेलं होतं. मी म्हटलं, "बसा ना साहेब, तुमची गोष्ट वेगळी आहे." तोंडातून निघून गेलं. ते हसले. "वेगळी नाही मारोतराव, तीच आहे." अन् गेले.

त्यायच्या मागं त्यायच्या टेबलावरचे गेले. मंग मास्तर गेले, पोस्टातले दोघं गेले. नुसते त्यायच्या समाजाचेच नाही, दुसरेही. समोर एका पोरानं नवीन दुकान टाकलं, तिथं बसतात. मी काचेतून पाहतो. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या खुर्चीवर मान मागं टाकून बसलेलं दिसते, तेव्हा काय वाटते ते तू धंद्यातला आहे, तुले सांगा लागत नाही. तू हसत असशील. हास.

कामाचं लिहितो. तुहा तो दमास्कसचा वस्तरा मले पाठव. काही दिवसांसाठी. दर्शनी काचेच्या कपाटात ठेवतो. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतो का हा माह्या साळ्याचा वस्तरा, यानं तो सगळ्या समाजाची दाढी करते, अन् आमच्या घरात जातीपातीचं असं काही चालत नाही. लोक पाहतीन. भैय्यालाल शेठही खूश होईन.

पोलादाबद्दल जे बोललो ते परत घ्यायले तयार आहो. चांगलं पोलाद आहे, असं सगळ्यांसमोर म्हणतो. अजून काय पाहिजे?

मारोतराव

•

दिघोरी
१७ जानेवारी १९८२

मारोतराव यास,

कापणी-मळणीच्या दिवसात पत्र भेटलं. तेव्हा लिहायले घेतलं असतं तं फक्त शिव्या लिहिल्या असत्या. आता लिहितो.

वस्तरा भेटणार नाही.

पोलादाबद्दल जे बोलले ते परत घेऊ नका. तुमचं बरोबर होतं. त्या पोलादाची धार टिकत नाही. हे मले पहिल्याच महिन्यात समजलं होतं. एका माणसाची दाढी झाली का पुन्हा पट्ट्यावर घासा लागते, आठवड्यातून एकदा दगडावर लावा लागते. हनुवटीखाली ओढते. बाबाच्या हातचा वस्तरा, आपल्या लाखांदूरच्या लोहारानं बनवलेला, याच्यापेक्षा बरा आहे. मंग मी जिल्ह्यात असा दुसरा नाही म्हणून कायले ओरडत होतो, ते ऐका.

डोमा परदेशी गेला तेव्हा त्याचा बाप लकव्यानं खाटेवर पडला होता. एक दिवस डोमाची माय, पार्वताबाई, माह्या आंगणाबाहेर येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, त्याच्या तोंडाले सारख्या माशा बसतात. दाढीत घास अडकते, मले साफ नाही करता येत. तुमी आला नाही तरी चालन, वस्तरा कसा धराचा तेवढं सांगा." लकवा झालेल्या माणसाच्या गालावर ती स्वतः वस्तरा चालवणार होती! मी धोपटी उचलली अन् तिच्यामागं गेलो. दिवसा, सगळ्यांच्या समोरून. तेव्हा माह्या धोपटीत कोणता दमास्कस नव्हता. बाबाचा वस्तरा होता.

म्हातारा मरेपर्यंत जात होतो. गावानं मले बोलावणं बंद केलं. खळ्यावर वर्षभराच्या कामाचं धान द्यायची वेळ आली तेव्हा पाटील म्हणाला, "तिकडेच मागून घे." त्या वर्षी आमी काय खाल्लं ते शकुनबाईले विचारा. तिनं तुमाले न सांगता दोन पोते तांदूळ पाठवले होते. आता सांगतो, कारण आता तिले तुमचं भ्या राहिलं नाही.

मंग डोमा आला. बापाची दाढी केली म्हणून त्यानं वस्तरा दिला. लहरी पाहायले पोरं जमली, पोरांमागं मोठे आले. पाटलाचा भाऊ म्हणाला, "धनीराम, एकदा आमच्या तोंडाले लावून पाहा बरं." डोमा ओट्यावर बसला होता, अर्धी दाढी झालेली. पाटलाचा भाऊ त्याच्या बाजूले बसून राहिला, नंबर लावून. तेव्हाच ठरवलं का या वस्तऱ्याची जितकी तारीफ करता येते तितकी कराची. लोकायले यायचं होतं, मारोतराव. मनातून बऱ्याच लोकायले यायचंच होतं. पण घरी जाऊन सांगायले काही पाहिजे होतं. "दमास्कसच्या वस्तऱ्यानं दाढी करून आलो" असं सांगता येत होतं.

म्हणून तुमी पत्रात त्या पोलादाले नावं ठेवत होते तेव्हा मी तुमच्यावर इतका तुटून पडत होतो. तुमचं खरं आहे हे गावाले समजलं असतं तं ओटा रिकामा झाला असता.

तुमचं काम याच्यानं होणार नाही. केशवरावले तुमच्या कपाटात काय टांगलं आहे ते पाहायचं नाही. घर कुठं आहे ते माहीत करून घ्या अन् जा. काय बोलायचं ते मले विचारू नका.

शहापूरले यादोरावच्या ओट्यावर जाऊन तुमी काय बोलले ते चंद्रकलेनं मले सांगितलं. ते मी विसरणार नाही. सोयरीक आहे म्हणून पत्र लिहिलं. दोस्ती समजू नका.

धनीराम

•

भंडारा
१४ मार्च १९८२

धनीराम यास,

तांदळाचं मले माहीत होतं. पोते माह्याच दुकानासमोरून रिक्षात चढले. मी बोललो नाही. एवढं तुले माहीत नसन म्हणून लिहिलं.

केशवरावच्या घरी गेलो. रविवारी सकाळी, धोपटी घेऊन. वैनगंगेच्या रस्त्याले, नवीन वस्तीत घर आहे. ते आंगणात खिळ्याले आरसा टांगून, ब्लेडच्या मशीननं दाढी करून राहिले होते. अर्धं तोंड साबणाचं. मले पाहून थांबले नाहीत.

मी म्हटलं, "साहेब, द्या, मी करतो."

"झालीच आहे. आता मी घरीच करतो. या मशीनीले कोणाची जात समजत नाही."

मी उभाच. धोपटी खाली ठेवावी का नाही ते समजेना. आजूबाजूच्या घरातून लोक पाहून राहिले होते, बायका दारात आल्या. मले वाटलं निघून जावं. त्यायनं तोंड धुतलं, पुसलं, अन् विचारलं, "दाढीसाठी आले का दुकानासाठी?"

मी म्हटलं, "दुकानासाठी."

खोटं सांगितलं असतं तं त्यायनं हाकलून दिलं असतं, असं मले वाटते. त्यायनं टॉवेल खांद्यावर टाकला. मंग म्हणाले, "बसा." खुर्ची एकच होती, ती मले दिली, स्वतः पायरीवर बसले. त्यायच्या बायकोनं पाणी आणलं, अन् गडवा घेऊन तशीच उभी राहिली, मी काय करतो ते पाहायले. मी प्यालो. मंग चहा आणला, तोही प्यालो. साखर जास्त होती.

दुकानात येणार नाही म्हणाले. स्पष्ट सांगितलं. "माह्यासाठी ते दुकान संपलं. पण घरात पोरं आहेत, शेजारी पोरं आहेत, केस वाढले आहेत. तुमाले याचं असन तं पुढच्या रविवारी इथं या. आंगणात बसून कापा. पैसे रोख देऊ, उपकार नको."

पुढच्या रविवारी गेलो. त्याच्या पुढच्याही गेलो. पोरं लय हलतात. वस्तऱ्याचं काम पडत नाही, कैची अन् मशीन पुरते. समोरच्या दुकानात गेलेले अजून वापस आले नाहीत. भैय्यालाल शेठले कोणीतरी सांगितलं मी रविवारी कुठं जातो ते. त्याचंही येणं बंद झालं. तुहं समाधान झालं असन.

तुले हे कळवतो कारण शकुनबाई म्हणाली कळवा. मी तुले माफ केलं किंवा तू मले केलं, असं काही यात नाही. मांडवात तू माह्या पोरीले उभं सोडून गेला, ते मी माह्या मरणापर्यंत बोलीन. यादोरावले मी सांगितलं होतं. तेही तू बोलशील. बोल.

चंद्रकलेले पोरगी झाली, तुले कळलंच असन. बारसं पुढच्या शुक्रवारी, शहापूरले. बाबुलालनं तुलेही बोलावलं अन् यादोरावनं नाही म्हटलं नाही, असं ऐकलं. दोन वर्षांनंतर पोरीनं मले ये म्हटलं आहे, म्हणून मी येऊन राहिलो. तूही येशील.

पंगतीत माह्या बाजूले बसू नको.

मारोतराव